सुरूच्या लाकडाचा देव

भास्कर साळवे गेला हे मला आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडून कळलं. मी भाजी घेऊन वर निघाले होते. तो लिफ्टचं दार धरून उभा राहिला आणि म्हणाला, "अम्मा, साळवे साब खलास." इथे गॅस संपला तरी खलास, पार्किंग भरलं तरी खलास, हिशेब मिटला तरी खलास. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आपल्याकडे हा शब्द असा कुणाला लावत नाहीत, त्यामुळे मला आधी राग आला आणि मग अर्थ कळला... पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि वर आले. दुसरं काय करणार. समोरच्या दाराला कुलूप होतं. त्याची बायको रूथ अजून हॉस्पिटलातच होती. मी घरात येऊन गवार निवडायला बसले. गवार निवडून झाली तरी हात चालूच होते, नुसते देठ मोडत होते.

भास्कर माझ्या नात्याचा कुणी नव्हे. मी दापोलीकडची, नवरा वारल्यावर मुलाकडे, नितीनकडे, इथे आखातात करामा भागात राहायला आले. तो नगर जिल्ह्यातला, ख्रिस्ती, समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. मी आले त्या आठवड्यात सुकट भाजत होते. सून अपर्णा खिडक्या उघडत फिरत होती, लोक तक्रार करतील म्हणून. तेवढ्यात बेल वाजली. दारात हा उभा. म्हणाला, "आक्का, एकतर दार लावा, नाहीतर ताट वाढा." मी ताट वाढलं. तेव्हापासून मी त्याची आक्का. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल, पण डोक्यावर एक काळा केस नाही. रूथ कमी बोलायची. रविवारची उपासना, घर आणि पुण्याला असलेला मुलगा, एवढंच तिचं जग. मला तिची भीती वाटायची, खोटं कशाला सांगू. घर इतकं स्वच्छ की पाय ठेवताना तळवे बघावेसे वाटत.

भास्कर लांब कारखान्यांच्या भागात, मुसफ्फाला, एका कंपनीत सुपरवायझर होता. म्युझियममध्ये बाहेरदेशातून वस्तू येतात, जातात, त्यांच्यासाठी लाकडी पेट्या बनवायच्या, आत फोम कापून बसवायचा, वस्तू हलता कामा नये. पहाटे चौघे मिळून एका गाडीतून जायचे. संध्याकाळी परत आला की चहाला माझ्याकडे, कारण रूथ चहात साखर घालू द्यायची नाही. ओट्याला टेकून तो त्या दिवशी काय पेटीत घातलं ते सांगायचा. घोड्याचं खोगीर, कुणा राणीची कंगवापेटी, मोडकं मडकं. मी म्हणायचे, मडकं मोडलं तर फेकायचं, पेटीत कसलं घालता. तो हसायचा. पण एकदा पॅसिफिक समुद्रातल्या बेटांवरचे लाकडी देव आले, आणि तेव्हापासून त्याचं हसणं जरा कमी झालं.

ती बेटं म्हणे ठिपक्यांसारखी आहेत, आणि तिथले लोक नावाड्यांचे वंशज. त्यांचे देव लाकडाचे. एका बेटावर तर देव म्हणजे लांबच लांब सोटा, वर मोठं डोकं, बदामासारखे मोठे डोळे, खाली एकाखाली एक लहान माणसं कोरलेली, जणू एकातून एक निघतायत. त्या सोट्याला झाडाच्या सालीचं कापड गुंडाळायचे, थरावर थर, माणसाच्या उंचीपेक्षा मोठा गठ्ठा व्हायचा, आणि त्या थरांच्या आत लाल पिसं आणि शिंपल्याचे तुकडे ठेवायचे. तो देवाचा जीव. मी विचारलं, मग देव दिसायचा कसा? तो म्हणाला, डोकं दिसायचं, बाकी झाकलेला. मला ते पटलं. देव उघडा ठेवू नये. खालच्या टोकाला पुरुषाचं लिंग कोरलेलं असायचं. हे सांगताना भास्कर माझ्याकडे न बघता फ्रिजकडे बघत होता. मी म्हटलं, अरे, त्यात लाजतोस काय, आपण शंकराच्या देवळात काय पुजतो?

मग तिथे पाद्री आले. गोरे थोडे, आणि शेजारच्या बेटांवरचे आधी बाटलेले जास्त. लोकांनी देव आणून त्यांच्यापुढे ढीग घातला. का घातला, कुणी घालायला लावला, त्याच्या दहा गोष्टी आहेत म्हणे. बहुतेक देव जाळले. कुणी गुहेत नेऊन लपवले, ते किड्यांनी खाल्ले. थोडे मात्र पाद्र्यांनी स्वतःच ठेवून घेतले, आपल्या देशातल्या लोकांना दाखवायला, की बघा, ही माणसं कशापुढे लोळण घेत होती. कापड उलगडून टाकलं, लांब सोटे पेटीत मावेनात म्हणून करवतीने कापले, खालचा भाग बहुतेक ठिकाणी मुद्दाम काढला, आणि डोकी जहाजात चढवली. आज जगात जे उरले आहेत ते बहुतेक हेच. कापडासकट एवढा मोठा म्हणे एकच राहिलाय, तो भास्करने फोटोतच पाहिला होता. त्याच्याकडे आली होती ती कापलेली डोकी.

"आक्का," तो म्हणाला, "ज्यांना देव हवे होते त्यांच्याकडचे गेले. ज्यांना नको होते त्यांच्या पेटीत राहिले. आणि मी पेट्याच करतो."

त्या दिवशी त्याने मला त्याच्या पणजोबाची गोष्ट सांगितली. पणजोबा गावकुसाबाहेरचा. घरात खंडोबाचा आणि बहिरोबाचा असे दोन टाक होते, पितळेचे की चांदीचे हेही घरात आता कुणाला माहीत नाही. मिशनचा साहेब आला, त्याने पणजोबाला पाटीवर स्वतःचं नाव लिहायला शिकवलं. नाव लिहिता आलं त्या वर्षी पणजोबाने दोन्ही टाक फडक्यात बांधून साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवले. पुढे त्यांचं काय झालं माहीत नाही. वितळवले असतील, नाहीतर कुठल्या थंड गावात, कुणाच्या माळ्यावर पडले असतील. मी म्हटलं, वाईट झालं. तर तो उसळला. म्हणाला, वाईट काय झालं? त्या देवांनी पणजोबाला काय दिलं होतं? देवळाच्या पायरीखाली उभं केलं होतं. बरं केलं त्याने. मी विचारलं, मग आता तुला कशाला ते आठवतायत? त्याने कपातला चहा हलवला, पिऊन टाकला.

"हवेत असं नाही, आक्का. एकदा घरात उभा करून बघायचाय... काय वाटतं ते."

हे त्याचं एवढंच मागणं होतं. मला तेव्हा फार मोठं वाटलं नाही.

त्या देवांच्या प्रदर्शनाबरोबर बेटावरचा एक माणूस आला होता, टेरे नावाचा. मुळातला सुतार, आताशा न्यूझीलंडला राहणारा, आणि स्वतः दर रविवारी चर्चला जाणारा. त्याची आणि भास्करची गट्टी जमली. मुसफ्फाच्या रस्त्याकडेला वाळू अडवायला लावलेल्या झाडांतलं एक झाड वाऱ्याने पडलं होतं. टेरेने ते पाहिलं आणि म्हणाला, हे आमचंच झाड, आम्ही देव याचाच करतो. महिनाभर संध्याकाळी वर्कशॉपमध्ये बसून त्याने त्याचा हातभर लांबीचा देव कोरला आणि जाताना भास्करला दिला. जुन्यांसारखाच, वर डोकं, खाली माणसं. फक्त खालचं टोक साधं ठेवलं. लाजला असावा.

भास्कर तो टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन आला. मी हातात घेतला आणि लगेच ओळखलं. सुरूचं लाकूड. आमच्या किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत, लहानपणी आम्ही त्याच्या काटक्या सरपणाला आणायचो. वजनदार, खिळा ठोकायला गेलं तर खिळा वाकतो. मी म्हटलं, "अरे, याच्यावर तर आम्ही भात शिजवलाय." तो इतका खूश झाला की मला दोनदा म्हणायला लावलं. मग तो देव छातीशी धरून समोर गेला. दार उघडलं. मी मागे उभी होते. रूथने टॉवेल बाजूला करून बघितलं आणि विचारलं, हे काय. त्याने सांगितलं. खोटं बोलला असता तर चाललं असतं. शोपीस म्हणाला असता, ड्रॅगन मार्टमधून आणला म्हणाला असता. पण तो म्हणाला, देव आहे, त्यांचा जुना. रूथ दारातून हलली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाली, "जेवायला चला. ते आत येणार नाही."

तो परत माझ्याकडे आला. असा देव आमच्या घरी राहिला.

दोन दिवसांनी रूथ स्वतः माझ्याकडे आली. मला वाटलं भांडायला आली. खुर्चीवर टोकाला बसली आणि म्हणाली, तुम्हाला वाटत असेल मी हट्टी आहे. मी म्हटलं, वाटतं. मग तिने सांगितलं. तिच्या आजीच्या सासरी देव सोडले त्या वर्षी घरात लागोपाठ दोन मुलं तापाने गेली. गाव म्हणालं, देव कोपले, परत आणा. सासू रात्रंदिवस रडायची, पण परत आणले नाहीत. "तिसरं मूल जगलं, तो माझा बाप," रूथ म्हणाली. "आक्का, तेव्हापासून दार लावून ठेवलंय. सगळं सोसून लावलंय. ते मी उघडू? त्यांना काय वाटतं बघायचंय म्हणून?" मी माझ्या आयुष्यात देवासाठी काही सोसलेलं नाही. उपास केलेत, तेही साबुदाणा खाऊन. ती तिच्या जागी बरोबर होती आणि तो त्याच्या जागी. अशा वेळी शेजारणीने काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

देव आमच्या देव्हाऱ्यात ठेवला नाही. त्याचा वार कुठला, तो काय खातो, त्याला फूल चालतं की नाही, काही माहिती नाही. नैवेद्य काय दाखवणार? मी एकदा भास्करला विचारलं, याला मासे चालतात का. तो म्हणाला, समुद्रातला आहे, चालायलाच हवेत. तेव्हा ज्या दिवशी मासे असत त्या दिवशी मी ताट त्याच्यासमोर जरा थांबवून पुढे न्यायचे. पूजा म्हणता येणार नाही. पाहुणा घरात असला की त्याला विचारल्याशिवाय आपण जेवत नाही, तसं. स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याशेजारी तो उभा असायचा आणि चहा पिता पिता भास्कर त्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवायचा. मग चहा संपला की समोर, आपल्या घरी.

एका उन्हाळ्यात देवाला तडा गेला. दिवसरात्र एसी, हवा कोरडी, आणि लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. डोक्यापासून दुसऱ्या माणसापर्यंत बोट जाईल एवढी चीर. अपर्णाने पाहिलं आणि ती घाबरली. "आई, खंडित मूर्ती घरात नको हं. नितीनचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअल आहे." तिचं चुकलं नव्हतं. आपल्यात भंगलेला देव ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. माझ्या सासूने बोट तुटलेला बाळकृष्ण खाडीत सोडला होता, मी स्वतः बरोबर होते. नितीन म्हणाला, इथे कुठे सोडणार? जुमेराला बीचवर कुणी फोटो काढला तर फाइन, वर नोकरीला बट्टा. अपर्णा म्हणाली, इंडियाला जाताना नेऊ, तिथे सोडू. मी भास्करला सांगितलं. तेव्हा त्याला पोटाचा त्रास सुरू झाला होता, अजून नाव कळलेलं नव्हतं. तो पोट धरून हसला. म्हणाला, पाद्र्यांनी जाळले, किड्यांनी खाल्ले, करवतीने कापले, आणि आता तुम्ही भक्तिभावाने बुडवणार. मग हसू थांबलं. "आक्का, चीर पडली म्हणून टाकू नका. म्युझियममध्ये आहेत त्यांतला एकही धड नाही." मी अपर्णाला सांगितलं, हा आपला देव नाही, त्यामुळे आपला नियम याला नाही. नितीनचं रिन्यूअल झालं, तेव्हा तिने तो विषयच सोडला.

भास्करचा रिपोर्ट आला तो चांगला नव्हता. स्वादुपिंड. त्याबद्दल मी लिहीत नाही, ज्यांच्या घरात झालंय त्यांना ठाऊक आहे. शेवटी शेवटी त्याला जिना काय, समोरच्या दारापर्यंतही येववेना. हॉलमध्ये पलंग टाकला होता. मी त्यांच्याकडे पेज घेऊन जायचे. एकदा त्याने मला विचारलं, तो कसा आहे. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा बरा. रूथ तिथेच औषधं मोजत होती. तिने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दार उघडलं तर समोरचं दार सताड उघडं. इथे कुणी दार उघडं टाकत नाही, थंड हवा जाते. मी आत डोकावले तर रूथ म्हणाली, त्यांना कोंडल्यासारखं होतं, म्हणून उघडं ठेवलंय. माझ्याकडे बघितलं नाही. मी घरी आले, चपलांचं कपाट बाजूला सारलं, देव उचलून पॅसेजमध्ये स्टुलावर ठेवला आणि आमचंही दार उघडं टाकलं. पलंगावरून सरळ दिसत होता. भास्कर कुशीवर वळला. मधे सहा फुटांचा कॉरिडॉर. रूथ त्याच्या आणि दाराच्या मधे कधीच उभी राहिली नाही, कडेकडेने जायची, एवढं मी पाहिलं. तिने तिच्याकडून जेवढं उघडता येतं तेवढं उघडलं होतं. पुढे ती जाऊ शकत नव्हती, आणि तो तिला ढकलू शकत नव्हता. आणि मी आपली मधे, हातात पेजेचं भांडं... वाटलं, उचलावा आणि नेऊन ठेवावा त्याच्या उशाशी. पण घर तिचं होतं.

आठवडाभर असं चाललं. मग मेंटेनन्सचा माणूस आला. कॉरिडॉरमध्ये दारं उघडी ठेवायची नाहीत, आगीचा नियम, इन्स्पेक्शन आहे. नितीन त्याच्याशी हिंदीत भांडला, घरात पेशंट आहे म्हणाला. तो म्हणाला, "हबीबी, मैं क्या करूँ, मेरा भी नौकरी है." त्याचंही खरं होतं. दारं लावली. दोन दिवसांनी भास्करला हॉस्पिटलात नेलं, आणि पुढचं मी वर लिहिलंय.

त्याला जेबेल अलीच्या दफनभूमीत पुरलं. वाळूच ती, फावड्याने काढली की परत आत घसरते. मुलगा पुण्याहून आला होता. त्याला परत जायचं होतं. रूथचा व्हिसा भास्करच्या नोकरीवर, त्यामुळे तिलाही जायचं होतं. माणूस इथे, बायको तिथे. फुलं वाहायला कोण येणार, मी विचारलं. ती म्हणाली, त्यांना फुलांचं काही नव्हतं. सामान विकलं, वाटलं, खोक्यात भरलं. देवाचं नाव तिने काढलं नाही आणि मीही नाही.

किल्ली द्यायच्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. पदर खोचलेला, हाताला धूळ.

"आक्का, ते आणा."

मला कळलं. तरी विचारलं, "घरात?"

"घर कुठे राहिलंय आता."

मी स्टुलावरून उचलला. उंबऱ्याशी आल्यावर ती म्हणाली, द्या इकडे. तिने तो हातात घेतला, विळी धरावी तसा, अंगापासून लांब. हॉल रिकामा होता. पडदे काढलेले, एसी बंद, उन्हाने फरशी तापलेली. जिथे पलंग होता तिथे पायांचे चार डाग राहिले होते. त्यांच्या मधोमध तिने देव उभा केला. तो कलला, तिने भिंतीला टेकवला. मग आम्ही दोघी उभ्या राहिलो. तिने प्रार्थना केली नाही. मी हात जोडले नाहीत, तिच्यासमोर कसे जोडू. देव त्याच्या मोठ्या डोळ्यांनी समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होता. काही झालं नाही. घाम येत होता एवढंच.

मग ती म्हणाली, "एवढंच होतं?"

"एवढंच."

"त्यांना काय वाटलं असतं?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक, रूथ. ते त्यालाच बघायचं होतं."

ती खाली बसली. भिंतीला पाठ लावून, देवापासून हातभर अंतरावर, दोन्ही पाय पसरून, जशी ती माझ्यासमोर कधीच बसली नव्हती. रडली नाही. मला बसता येत नाही, गुडघे वाकत नाहीत, म्हणून मी उभीच राहिले. मग एजंटचा पोरगा किल्ल्यांसाठी आला, दारातूनच म्हणाला, यल्ला मॅडम, चला, खाली टॅक्सी उभी आहे. ती उठली, फरशीवरून एकदा नजर फिरवली आणि गेली. देव उचलायचं काम माझ्याकडे आलं.

रूथ पुण्याला पोचली. फोन येतो, आम्ही पोळ्या, दुखणी, नातवंडं यांबद्दल बोलतो. समोर आता नवीन लोक आलेत, तरुण जोडपं, आपल्या नाशिककडचं. परवा ती मुलगी साखर मागायला आली. पॅसेजमध्ये थांबली आणि विचारायला लागली, आजी, हे काय आहे, कुठून घेतलं. मी तिला बेटं, पाद्री, सुरूचं झाड काही सांगितलं नाही. म्हटलं, आमचं नाही. साळव्यांचं आहे. ती म्हणाली, मग ते नेणार कधी?

मी तिला साखर दिली.